प्रेमचंद रायचंद आणि १ जुलैचा वायदा

रत्नागिरीत शेअरबाजाराचा विषय काढला की साधारण दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिला प्रकार म्हणतो, "तो जुगार आहे रे, आपल्यासारख्यांचं काम नाही. त्यापेक्षा जागा घे, चार कलमं लाव." दुसरा प्रकार गेल्या पाच-सात वर्षांत तयार झालेला. मोबाईलवर ॲप उघडून बसलेला, जेवताना सुद्धा ऑप्शनचे भाव सांगणारा. पहिल्याला दुसरा वाया गेलेला वाटतो आणि दुसऱ्याला पहिला मागासलेला. दोघांशीही वाद घालण्यात अर्थ नसतो. पण दोघांनाही सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. ती घडली मुंबईत, तिचा नायक मूळचा सुरतेचा, पण तिचे धागे थेट आपल्या जिल्ह्यापर्यंत येतात. जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर सगळ्यांनी पाहिलेला असतो. ती राजाबाई म्हणजे प्रेमचंद रायचंद यांची आई. आणि प्रेमचंद रायचंद म्हणजे मुंबईच्या शेअरबाजाराने पाहिलेला पहिला 'बिग बुल'. हर्षद मेहताच्या सव्वाशे वर्षं आधीचा. त्यांचं नाव आज टॉवरखालून रोज जाणाऱ्या लोकांनाही फारसं माहीत नसतं, पण १८६४ साली मुंबईत त्या नावावर काय वाट्टेल ते विकलं जायचं.

प्रेमचंदचा जन्म १८३१ चा, सुरतेच्या जैन कुटुंबातला. बाप धंद्यासाठी मुंबईला आला, पोरगा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये इंग्रजी शिकला. हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो, पण सगळी मेख इथेच आहे. त्या काळी कापूस पिकवणारा, विकणारा, दलाली करणारा सगळा देशी माणूस. विकत घेऊन लिव्हरपूलला पाठवणारा साहेब. दोघांच्या मध्ये भाषेची भिंत. प्रेमचंद १८५० च्या आसपास रतनचंद लाला नावाच्या दलालाकडे उमेदवारी करू लागला. मालकाला इंग्रजी येत नव्हतं, साहेबाला गुजराती येत नव्हतं, आणि या विशीच्या पोराला दोन्ही येत होतं. इंग्रजी लिहिता-वाचता येणारा पहिला देशी दलाल अशी त्याची ओळख सांगतात. (नव्वदच्या दशकात ज्यांना कोडिंगबरोबर बऱ्यापैकी इंग्रजी बोलता येत होतं त्यांचं पुढे काय झालं ते आठवा, म्हणजे अंदाज येईल.)

तेव्हा शेअरबाजार म्हणजे काय, तर टाऊन हॉलसमोरच्या हिरवळीवर वडाच्या झाडाखाली जमणारे मूठभर दलाल. कंपन्याच मोजक्या. एखाददुसरी बँक, एखादी प्रेस कंपनी. १८५४-५६ मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहिली. १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या काढायची सोय झाली, १८६० मध्ये ती सोय बँकांनाही मिळाली. मर्यादित जबाबदारी म्हणजे, कंपनी बुडाली तर तुम्ही शेअरपुरते बुडाल, घरदार जाणार नाही. सगळं सामान रचून ठेवलेलं होतं. काडी तेवढी पडायची बाकी होती. ती पडली अमेरिकेत.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश कापूस तोपर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून जायचा. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायर उपाशी पडलं. मग जगात कुठे कापूस मिळेल तिथे इंग्रज व्यापारी धावले. मुंबईचा कापूस एरवी आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला म्हणून नाक मुरडून घेतला जायचा. आता तोच काही पटींनी महाग जायला लागला. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकला असं सांगतात. त्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या भावापेक्षा सुमारे ८ कोटी पौंड जास्तीचे मुंबईत आले. त्या वेळच्या हिशेबाने ८० कोटी रुपये. जहाजं भरभरून सोनं-चांदी येत होती.

प्रेमचंद या लाटेवर सगळ्यांच्या पुढे होता, कारण त्याला भाव आधी कळायचे. युरोपशी थेट तारेने जोडणी व्हायला १८६५ उजाडलं. तोपर्यंत लिव्हरपूलचा भाव बोटीवरच्या टपालातून यायचा. सांगतात की प्रेमचंद आपली माणसं होड्यांतून समुद्रात पुढे पाठवायचा. आगबोट बंदराला लागायच्या आत भाव त्याच्या हातात. बाकीचे टपाल वाटलं जाण्याची वाट बघत असताना याचे सौदे झालेले असायचे. आजच्या भाषेत लेटन्सीचा खेळ. हल्ली एक्स्चेंजच्या शेजारी सर्व्हर ठेवण्यासाठी लोक कोट्यवधी मोजतात. तत्त्व तेच, होडी स्वस्त पडायची एवढंच. :)

इथपर्यंत प्रेमचंदबद्दल माझ्या मनात नुसतं कौतुक आहे. माल खरा, मागणी खरी, माहिती कष्टाने मिळवलेली. कापसात कमावलेला पैसा हा नफाच होता. प्रश्न पुढे आला. आलेल्या पैशाचं करायचं काय?

गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे बरोबर या धामधुमीत. शहर तेव्हा फुगत होतं. गव्हर्नर होते सर बार्टल फ्रिअर, फोर्टाचा जुना तट पाडायचं काम चालू होतं, जागा कमी आणि माणसं जास्त. मग सुचलेली कल्पना अगदी मुंबईची म्हणावी अशी: समुद्र बुजवू या. बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली आणि तिच्यामागे प्रेमचंदचं नाव होतं. ५,००० रुपये भरणा झालेल्या या शेअरचा भाव वाढत वाढत ५०,००० च्या आसपास गेला. सरकारसाठी राखून ठेवलेले ४०० शेअर लिलावात काढले तेव्हा त्यांना सव्वीस हजारांच्या वर भाव मिळाला. जमीन अजून पाण्याखाली होती बरं का.

मग काय, दर आठवड्याला नवी कंपनी. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन, ८ जमीन कंपन्या, १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. यातल्या 'फायनान्शियल असोसिएशन' या प्रकाराकडे जरा नीट बघा. यांचा धंदा काय? शेअर तारण ठेवून कर्ज द्यायचं. कर्ज घेणारा त्या पैशाचं काय करायचा? शेअर घ्यायचा. आणि फायनान्शियल असोसिएशनला पैसे कुठून यायचे? स्वतःचे शेअर विकून, जे लोकांनी दुसऱ्या असोसिएशनच्या कर्जातून घेतलेले असायचे.

ज्यांनी थोडंफार प्रोग्रॅमिंग केलंय त्यांना इथे पोटात गोळा यायला हरकत नाही. शेअरची किंमत कर्जावर अवलंबून, कर्जाचा आकार तारणाच्या किमतीवर अवलंबून, आणि तारण म्हणजे तोच शेअर. याला आम्ही सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतो. चालू असेपर्यंत भन्नाट चालते. भाव वाढला की तारण वाढतं, तारण वाढलं की कर्ज वाढतं, कर्ज वाढलं की खरेदी वाढते, की पुन्हा भाव. बाहेर पडायची अट मात्र कुणी लिहिलेली नसते.

तरीही हे सगळं खासगी लोकांचं खासगी पैशांवर चालू होतं तोवर फार तर काही शेठ बुडाले असते. खरा घोटाळा झाला तो बँक ऑफ बॉम्बेत. ही १८४० ची, सरकारचं भाग-भांडवल असलेली, संचालक मंडळावर सरकारने नेमलेली माणसं असलेली बँक. सरकारी तिजोरीचे व्यवहार तिथे. विधवा, ट्रस्ट, पेन्शनीत निघालेले अधिकारी यांचा पैसा 'सरकारी आहे, सुरक्षित आहे' म्हणून तिथे. तिच्या जुन्या सनदेत शेअर तारण घेऊन कर्ज द्यायला मनाई होती. १८६३ च्या नव्या कायद्याने ती मनाई उठली. शेअरच्या तारणावर कर्ज द्यायला परवानगी मिळाली, तीही शेअरबाजार तापलेला असताना. कुणाच्या डोक्यातून हे निघालं कोण जाणे!

बँकेचे सेक्रेटरी होते जेम्स ब्लेअर नावाचे गृहस्थ. ब्लेअरसाहेबांवर प्रेमचंदचं वजन इतकं की प्रेमचंदने शिफारस केली की कर्ज मिळायचं. तारण काय, परतफेड कुठून, हे प्रश्न मागे पडले. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन ही तर प्रेमचंदच्याच प्रभावाखालची बँक होती. म्हणजे एका बाजूला कंपन्या काढणारा हा, त्यांचे शेअर कुणाला द्यायचे हे ठरवणारा हा, आणि ते घ्यायला कर्ज कुणाला द्यायचं हे सुचवणाराही हाच. असं म्हणतात की सकाळी त्याच्या दाराशी माणसांची रांग लागायची. नवीन कंपनीचे चार शेअर मूळ किमतीला मिळाले तरी दुपारपर्यंत ते दामदुपटीला विकता यायचे. त्याच्या मेहेरबानीवर रातोरात लक्षाधीश झालेले कितीतरी होते.

या रांगेत नुसते सटोडिये नव्हते. शहरातली शिकलेली, मानाची माणसंही या व्यवहारात शिरली होती. डॉ. भाऊ दाजी लाड घ्या. मूळ गोव्यातल्या मांद्र्याचे, नामांकित डॉक्टर, शिलालेख वाचणारे पंडित, गोरगरिबांना फुकट औषध देणारे. त्यांची आयुष्याची कमाई यात गेली. नंतर १८६९ आणि १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले, मान कायम राहिला, पण पैसा परत आला नाही. भाऊ दाजींसारख्या बुद्धीच्या माणसाला हे कळलं नसेल? मला वाटतं, कळण्याचा यात फारसा संबंध नसतो. आजूबाजूचा प्रत्येक जण श्रीमंत होत असताना आपण बाजूला उभं राहायला वेगळंच काहीतरी लागतं. ते पदवीबरोबर मिळत नाही.

आता वायद्याबद्दल. त्या वेळचे बरेच सौदे 'टाइम बार्गेन' होते. म्हणजे आज भाव ठरवायचा, पैसे आणि माल अमुक तारखेला. आज पदरात काही नसताना बॅकबेचे वीस शेअर पन्नास हजारांनी 'घ्यायचे', आणि त्या तारखेच्या आत कुणाला तरी जास्त भावाने 'विकायचे'. मधला फरक खिशात. यातल्या ढीगभर सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५.

९ एप्रिल १८६५ ला व्हर्जिनियात जनरल ली शरण आला. युद्ध संपल्यात जमा झालं. बातमी मुंबईला पोचली तशी कापूस कोसळला. कापसाबरोबर ज्यांची पत कापसावर उभी होती ते कोसळले. मे महिन्यातच मोठमोठ्या पेढ्या बसायला लागल्या. पण बाकीच्यांनी अजून आशा सोडली नव्हती, कारण हिशेब द्यायचा होता १ जुलैला.

१ जुलैला कुणाकडेच पैसे नव्हते. अ ने ब ला द्यायचे, ब ने क ला, क ने पुन्हा अ ला. साखळीतला एक जण बसला की सगळी रांग बसते. पन्नास हजारांचा बॅकबे दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० वरून ८७ रुपयांवर. कर्जबाजारी व्यापाऱ्यांचे व्यवहार लवकर मिटवता यावेत म्हणून सरकारला त्याच साली वेगळा कायदा करावा लागला. त्याच महिन्यात, ३१ जुलैला, नाना शंकरशेट गेले. रेल्वे, आगबोटी, शाळा, सगळ्यात ज्यांनी पैसा आणि नाव घातलं त्या पिढीचे ते अग्रणी. एक काळ संपला असं म्हणायला तारीखही अगदी सोयीची.

बँक ऑफ बॉम्बे सरकारच्या आधाराने थोडे दिवस ओढली गेली. शेवटी भांडवल जवळजवळ सगळं बुडालं आणि १८६८ मध्ये ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. आयोगाच्या कामकाजातून जे बाहेर आलं ते वाचताना आपल्याला सगळं ओळखीचं वाटतं: शिफारशीवर दिलेली कर्जं, झोपलेले संचालक, बदललेले नियम.

गंमत पुढे आहे. ही नवी बँक ऑफ बॉम्बे १९२१ मध्ये कलकत्ता आणि मद्रासच्या बँकांबरोबर एकत्र होऊन इंपीरियल बँक झाली, आणि १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. २३ एप्रिल १९९२ ला सुचेता दलाल यांनी जी बातमी दिली ती कुठल्या बँकेच्या खात्यांतून गेलेल्या पैशांची होती? स्टेट बँकेच्याच. हर्षद मेहताचं तंत्र वेगळं होतं, सरकारी रोखे आणि बँक रिसीट वगैरे. पण मूळ प्रकार तोच: बँकेतला लोकांचा पैसा गुपचूप शेअरबाजारात फिरवायचा आणि भाव वर आहे तोवर सगळं बरोबर आहे म्हणायचं. १२७ वर्षांनी, त्याच वंशावळीतली बँक.

तरी मी प्रेमचंद आणि हर्षदला एका तराजूत घालणार नाही. प्रेमचंदच्या वेळी शेअरवर कर्ज देणं कायद्याने चालत होतं, सेबी सोडाच, साधा स्टॉक एक्स्चेंजही नव्हता. आणि पडझडीनंतर तो पळाला नाही. मालमत्ता धनकोंच्या हवाली झाली, आणि त्याने पुन्हा दलालीपासून धंदा उभा केला. त्याचा दोष मला वेगळा वाटतो. कापसाचा भाव कळण्यात जगात कुणी हात धरणार नाही असा हा माणूस, पण आपण निर्माण केलेला भाव आणि बाजाराने दिलेला भाव यातला फरक त्याला कळेनासा झाला. बॅकबेचा भाव पन्नास हजार होता कारण प्रेमचंद त्याच्यामागे होता. आणि प्रेमचंद श्रीमंत होता कारण बॅकबेचा भाव पन्नास हजार होता. पुन्हा तेच वर्तुळ.

बरं, हे झालं शेठ लोकांचं. आता आपल्याकडे येऊ.

१ फेब्रुवारी १८६४ ला मुंबईत शिरगणती झाली. लोकसंख्या भरली ८,१६,५६२. तेजीच्या ऐन भराला. आठ वर्षांनी, १८७२ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा आकडा होता ६,४४,४०५. म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं कमी. पहिल्या मोजणीत काही चुका असतील असं धरलं तरी घट प्रचंड आहे. मुंबई कमी झाली, हे वाक्यच आपल्याला विचित्र वाटतं.

ही माणसं कुठून आली होती आणि कुठे गेली? तेजीत शहराला हात हवे होते. भराव टाकायला, तट पाडायला, गोदीत गासड्या उचलायला, प्रेसमध्ये कापूस दाबायला, बंगल्यांवर, पेढ्यांवर. हे हात आले घाटावरून आणि कोकणातून. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचा बराचसा भाग (सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये). डोंगराळ जमीन, पोटापुरतं भात नाचणी, खाणारी तोंडं जास्त. मुंबई हाच मोकळा दरवाजा. मुंबईत राहायचं, गावाला पैसे पाठवायचे, ही चाकरमान्यांची चाल त्या काळात पक्की होत चालली होती.

या माणसांनी बॅकबेचा शेअर कधी डोळ्यांनी पाहिला नसेल. त्यांचा पगार महिन्याचे मोजके रुपये, पन्नास हजाराचा आकडा कल्पनेतही नाही. मग एक दिवस भरावाचं काम थांबलं. मुकादम दिसेनासा झाला. पेढीला कुलूप. प्रेसमध्ये गासड्याच येईनात. आणि तेजीने वाढवलेली महागाई मात्र लगेच उतरत नाही. अशा वेळी माणूस काय करतो? घरचा रस्ता धरतो. प्रेमचंदच्या पडझडीचा हिशेब आपण नेहमी शेठ लोकांच्या दिवाळखोरीत मांडतो, कारण ती कागदोपत्री नोंदलेली आहे. गावी परतलेल्यांची नोंद फक्त शिरगणतीतल्या वजाबाकीत सापडते.

ती परत आली हेही सांगायला हवं. सत्तरीच्या दशकात गिरण्या भराभर वाढल्या आणि १८८१ च्या शिरगणतीत मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांची संख्या सव्वा लाखाच्या घरात गेली. मुंबईतल्या दर सहा माणसांमागे एक. मनीऑर्डरीवर चालणारा जिल्हा म्हणून आपल्याला पुढे जे नाव पडलं, त्याची ही सुरुवात. आणि 'शेअर म्हणजे जुगार' या आपल्याकडच्या पक्क्या समजुतीच्या मुळाशी अशी काही जुनी आठवण झिरपलेली असेल का? पुरावा नाही, माझा आपला तर्क. दुसऱ्या बाजूला सेबीने २०२४ मध्ये दिलेला आकडा मात्र पुराव्यासकट आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि तोट्याची बेरीज १ लाख ८० हजार कोटींच्या वर. हाही वायदाच. तारीख १ जुलै नाही, दर आठवड्याला एक येते.

समुद्रातल्या त्या जमिनीचं काय झालं? बॅकबे कंपनी बुडाली, जेवढा चिंचोळा पट्टा भरला गेला होता त्यावरून बीबीसीआय रेल्वेचा रूळ गेला. चर्चगेटकडे जाणारी लोकल पकडून तुम्ही मरीन लाइन्सजवळून जाता तेव्हा प्रेमचंदच्या स्वप्नावरूनच जाता. पूर्वेकडे दुसऱ्या एका कंपनीने केलेला भराव सरकारने विकत घेतला आणि पुढे त्यावर पोर्ट ट्रस्ट उभा राहिला. म्हणजे कंपन्या बुडाल्या पण भराव राहिला. डॉटकॉम बुडाल्यावर जमिनीखालची फायबर केबल राहिली तसंच काहीसं.

आणि टॉवर. १८६४ मध्ये, पैसा ओसंडून वाहत असताना, प्रेमचंदने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले, आणि त्याच वर्षी आणखी २ लाख घड्याळाच्या मनोऱ्यासाठी, आईच्या नावाने. विद्यापीठ तेव्हा सात वर्षांचं, स्वतःची इमारत नाही. १८६२ मध्ये रानडे आणि भांडारकर पदवीधर झाले तेही अशा बिनइमारतीच्या विद्यापीठातून. (हे रामकृष्ण गोपाळ भांडारकर शिकले रत्नागिरीत, आणि १८६५ मध्ये रत्नागिरी हायस्कूलचे हेडमास्तर होऊन परत आले.) पडझड झाली तेव्हा हे चार लाख प्रेमचंदच्या हातात नव्हते, म्हणून वाचले. सर गिल्बर्ट स्कॉटने लंडनमध्ये बसून आराखडा काढला, १८६९ मध्ये काम सुरू झालं आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये २८० फुटांचा मनोरा पुरा झाला. खर्च साडेपाच लाखांच्या आसपास. आईला दिसत नव्हतं, जैन असल्याने सूर्यास्तापूर्वी जेवायची, तिला वेळ कळावी म्हणून घंटा, अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, छान आहे.

१८७५ च्या ९ जुलैला देशी दलालांनी आपली संघटना बांधली, जिचा आज बॉम्बे स्टॉक एक्स्चेंज झाला आहे. तिच्या संस्थापकांत प्रेमचंदचं नाव घेतलं जातं. दहा वर्षांपूर्वी ज्याच्या नावाने सगळे बुडाले त्यालाच दलालांनी मान दिला, यावरून त्याच्याबद्दल त्या लोकांचं काय मत होतं ते कळतं. नियम हवेत हे त्याच्याइतकं कुणाला पटलं असेल म्हणा! १९०६ मध्ये भायखळ्याच्या बंगल्यात तो वारला. १८६५ च्या प्रकरणावर दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये एक पुस्तक लिहिलं. तेजी आली तेव्हा ते विशीतले होते, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं.

जाता जाता एक शेवटचा धागा. प्रेमचंदने कलकत्ता विद्यापीठालाही २ लाख दिले होते. त्यातून १८६६ पासून 'प्रेमचंद रायचंद स्कॉलरशिप' सुरू झाली, बंगालमध्ये 'पीआरएस' म्हणून तिचा फार दबदबा. १८९७ मध्ये ती मिळाली जदुनाथ सरकारांना, ज्यांनी पुढे औरंगजेब आणि शिवाजी महाराजांवर आयुष्य घातलं. मराठ्यांच्या इतिहासात त्यांचा जिवाभावाचा मित्र कोण, तर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. दोघांची पत्रं अर्धशतक चालली, पुणे रेसिडेन्सीचे दप्तर दोघांनी मिळून छापलं. सरदेसाई रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविळचे, रत्नागिरी हायस्कूलमध्ये शिकलेले. त्यांची जन्मतारीख १७ मे १८६५, म्हणजे मुंबईच्या पेढ्या एकामागून एक बसत होत्या तोच महिना.